गप्पीच्या माद्या वेळीच वेगळ्या करा



बियाण्याची कणसे आपण मळणीआधीच निवडून बाजूला ठेवतो. शेळ्यांच्या कळपात नको असलेला बोकड ठेवत नाही. पण मुलांच्या हौसेने घरात रंगीत मासे आले, की हेच शहाणपण आपण विसरतो. आमच्या घरी तसेच झाले.

धाकट्या मुलीने बाजारातून लाल शेपटीच्या गप्पीची जोडी आणली. पिल्ले वाढवून विकायची आणि वह्यांचे पैसे काढायचे, असा तिचा बेत. सहा महिन्यांत टाकी भरली. पण बहुतेक मासे मळकट शेपटीचे. दुकानदार म्हणाला, "हे कोण घेणार?" पोर रडवेली झाली. चूक आमचीच होती.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. मादी एकदा नराला लागली, की त्या एका संगावर पुढे कित्येक महिने विते. मिसळीच्या टाकीतून आणलेली मादी बहुधा आधीच भरलेली असते. शेजारी कितीही देखणा नर सोडा, पिल्ले कुणाची निघतील याचा भरवसा नाही.

म्हणून ओळख आधी शिकावी. वाढलेला नर दीड इंचाच्या आतबाहेर, रंगीत, लांब शेपटीचा. मादी त्याहून मोठी, पोटाळ, फिकट. पण पिल्लांत रंगावर जाऊ नये. पोटाखालचा मागचा पर पाहावा. मादीचा पर पंख्यासारखा पसरट असतो. नराचा पर वाढता वाढता काडीसारखा अरुंद व टोकदार होतो. शिवाय मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो. पिल्ले तीन आठवड्यांची झाली, की दर दोन-तीन दिवसांनी उजेडात काचेच्या बरणीत घेऊन पाहावीत. ओळखू येताच नर एका भांड्यात, माद्या दुसऱ्या भांड्यात. दोन महिन्यांची होईपर्यंत थांबलात, तर उशीर झालाच म्हणून समजा.

पुढे चांगल्या शेपटीचा, चपळ, सरळ पाठीचा एक नर निवडून दोन-तीन कोऱ्या माद्यांत सोडावा. साधारण चार आठवड्यांत मादी विते. पहिल्या खेपेला पिल्ले थोडी, पुढे पन्नासपर्यंतही होतात. आईच पिल्ले खाते, म्हणून भांड्यात पाणवनस्पती दाट ठेवावी आणि विताच मादी काढून घ्यावी. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून चिमूटभर द्यावा. उरला तर पाणी नासते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. ब्लीचिंग पावडर टाकलेले नळाचे पाणी एक दिवस उघड्या घमेल्यात ठेवून मग वापरावे. थंडीच्या रात्री भांडी घरात आणावीत.

आणि फवारणीची बादली किंवा मग कितीही धुतला असला, तरी या कामाला कधीही घेऊ नये. कीटकनाशकाचा अंशही माशांचा जीव घेतो.

नापसंत मासे ओढ्यात, नदीत किंवा पावसात भरून वाहणाऱ्या शेततळ्यात सोडू नका. गप्पी झपाट्याने वाढतो आणि आपल्या गावच्या लहान माशांच्या तोंडचा घास घेतो, त्यांची पिल्लेही खातो. घरच्या बंदिस्त हौदात मात्र राहू द्यावा; डासांच्या अळ्या खाऊन तो आपले ऋण फेडतो.

मुलीने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला तिच्याकडे तीन माठ आहेत : एक नरांचा, एक माद्यांचा, एक विणीचा. आता रोज संध्याकाळी ती बरणी घेऊन उजेडात बसते. आपल्या घरीही मुलांना हे काम द्या. बी निवडण्याचा धडा याहून सोपा दुसरा नाही.