समोरचा चेहरा की मोबाइलमधला?

बीड जिल्ह्यात पेन्सिलीने चेहरे काढणारी पोरे कमी नाहीत. नेत्याचा वाढदिवस, गुरुजींचा निरोपसमारंभ, कुणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध अशा निमित्ताने चौकटी आखून, फोटोवरून घोटून काढलेले हुबेहूब चित्र फ्रेम करून दिले जाते. त्याचे चार पैसेही मिळतात. ड्रॉइंगचे सर मात्र सांगत असतात की स्केचबुक ठेवा, माणूस समोर बसवा आणि रोज एक चेहरा काढा. दोन्हींना पुरेल एवढा वेळ मुलांकडे नसतो. मग आधी कशाला द्यावा?

फोटोच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. फोटो हलत नाही, कंटाळत नाही, मध्येच चहा टाकायला उठत नाही. नाकाखालची सावली उद्याही तिथेच सापडते, त्यामुळे छटांचा अभ्यास निवांत होतो. हा काही हौशी लोकांचा चोरटा मार्गही नव्हे. राजा रविवर्मा यांनीसुद्धा फोटोंचा आधार घेतला होता. बीडमध्ये या बाजूला आणखी वजन येते. दसरा-दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेले की मागे राहिलेल्या मुलाकडे त्यांचा चेहरा असतो तो मोबाइलमध्येच. वारलेल्या आजोबांचे चित्र तर कित्येकदा ओळखपत्रावरच्या इवल्याशा फोटोवरून मोठे करावे लागते. अशा कामाला ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणे बरे नव्हे. ते स्केचबुकाला जमणारच नाही.

तरीही फोटोत सर्वांत अवघड काम आधीच उरकलेले असते. गोल डोके कागदावर सपाट कसे आणायचे, हे कॅमेऱ्याने परस्पर ठरवून टाकलेले असते, आणि तेही नेहमी बरोबर नाही. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगते, कान मागे सरकतात. चौकटी आखणारा ती चूक इमानाने मोठी करतो. समोर माणूस बसला की कानाची उंची, हनुवटीचा उतार, पापणीची जाडी हे सारे स्वतः ठरवावे लागते. मान जराशी वळली की पुन्हा पहिल्यापासून. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही. त्यात आपल्याकडे थोरामोठ्यांच्या डोक्यावर पदर, टोपी नाहीतर पटका, त्यामुळे कवटी झाकलेली राहते आणि कपाळ आखूड काढायची खोड लागते. आजीला समोर बसवून, पेन्सिल हात लांब करून धरून मोजले म्हणजे पटते.

दुसरीकडे, ‘रोज’ या आग्रहातही खोट आहे. सरावाने चुका सुटतात तशा पक्क्याही होतात. वर्षभर वही भरली आणि प्रत्येक पानावर तोच बदामी डोळा, अशी स्केचबुके पाहायला मिळतात. याने गुण किती मिळणार, हा पालकांचा प्रश्नही वाजवी आहे. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन विचारतात, व्यक्तिचित्राची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. ज्या घरात एकेका गुणावर पुढचा प्रवेश अवलंबून असतो, तिथे गुणांचे आधी बघ म्हणणाऱ्याला कलाद्रोही ठरवू नये. मात्र स्मरणचित्रात बाजार किंवा जत्रा आली की माणसे काढावीच लागतात, आणि मग गर्दीतले सगळे चेहरे एकाच साच्यातले निघतात. तो दोष स्मरणशक्तीचा क्वचितच असतो. नीट पाहिलेलेच नसेल तर आठवणार काय?

आमचा कल स्केचबुकाकडे आहे, रोजच्या हट्टाकडे नाही. आठवड्यातून तीन-चारदा, दहा-पंधरा मिनिटे, खोडरबर बाजूला ठेवून समोरचा चेहरा काढावा. फोटोवरची मागणीची कामे सुटीत करावीत. यात हुबेहूबपणा काही काळ मागे पडेल, शेजारी ‘जमलं नाही’ म्हणतील, आणि ज्याला कमाईची निकड आहे त्याला हा सल्ला महाग पडेल, हेही मान्य. पण मॉडेलसाठी लांब जावे लागत नाही. वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार ज्या चित्राने मिळवून दिला, ते त्यांच्या पत्नीचे होते.

घराबाहेरच्या चेहऱ्यांबाबत आमचे मत इतके ठाम नाही. अंबाजोगाई किंवा परळीच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारी माणसे स्केचबुकासाठी उत्तम. न विचारता काढले तर सहजपणा टिकतो, हा चित्रकारांचा जुना अनुभव. परंतु कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतोय याचा एखाद्या बाईला होणारा त्रासही तितकाच खरा. विचारून काढले की माणूस पदर किंवा टोपी सावरून ताठ बसतो आणि चित्र थोडे लाकडी होते. तेवढा तोटा सोसून विचारावे, असे आम्हाला वाटते.