वाळूपलीकडचे कोकण

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार कोकण किनाऱ्यावरचे. या मानाने किनाऱ्याकडे येणाऱ्यांची रीघ वाढेल हे उघड आहे, आणि ती वाढावी यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, आलेला माणूस तेथे पाहतो काय?

सध्या तो वाळू पाहतो. गणपतीपुळ्याचे दर्शन, तारकर्लीचे स्नान, ताटातील मासळी आणि परतीची गाडी, एवढ्यात त्याचे कोकण संपते. मालवणहून होडीने सिंधुदुर्गावर जाणाराही घड्याळाकडे डोळा ठेवूनच तट चढतो. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला. जवळ जाईपर्यंत दृष्टीस न पडणारे त्याचे महाद्वार आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी यांमागील हेरणी समजावून सांगणारे कोणी भेटले, तर ते प्रवाशाचे भाग्यच.

सांगणारा भेटला तरी तो खरे सांगेलच असे नाही. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागल्याची कथा मोठ्या अभिमानाने ऐकवली जाते. वस्तुतः १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले. विजयदुर्गाला उसन्या कीर्तीची गरजच काय? १७५६ मध्ये याच बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. जवळच गिर्ये येथे खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. ही हकीकत कटू आहे खरी. परंतु शाळेच्या सहलीने किल्ल्यावर येऊन ऐकावी ती हीच.

तथापि किल्ल्यांना निदान तट आहेत, नाव आहे. किनाऱ्यालगतच्या जांभ्या दगडाच्या सड्यांना तेही नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील या उघड्या कातळांवर प्रागैतिहासिक मानवाने कोरलेली हजाराहून अधिक चित्रे आढळली आहेत. काशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. अन्यत्र गेंडाही कोरलेला दिसतो, जो आज कोकणात नाही. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू आदी स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात याच सड्यांवर सीतेची आसवे फुलतात आणि दगड निळसर होऊन जातो. तरीही सरकारी कागदोपत्री ही जमीन बहुधा पड किंवा पोटखराब. तेव्हा तेथे चिरेखाण काढली, रस्ता नेला वा कलमांसाठी सुरुंग लावले, तर कोणास काही गमावल्यासारखे वाटत नाही. ढासळलेला तट पुन्हा बांधता येतो. चिऱ्यांत कापून गेलेला हत्ती पुन्हा कोण कोरणार?

जमीनमालकाला दोष देणे सोपे आहे. कातळ विकून त्याला पैसा मिळतो. राखून त्याच्या हाती पडते ती पाहुण्यांची वर्दळ आणि त्यांनी मागे टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. म्हणून ज्याच्या सातबाऱ्यावर चित्र आहे त्याला राखणीचा मोबदला आणि प्रवेशशुल्कात वाटा मिळाला पाहिजे. गावच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना इतिहास व भूगर्भाची नेटकी माहिती देऊन मार्गदर्शकाचे काम दिले, तर मुंबईची वाट धरणाऱ्या काहींना घरीच मिळकत होईल, आणि प्रवासीही एका दिवसाऐवजी तीन दिवस राहील. पावसाळ्यात होड्या बंद असल्या तरी सडे बंद नसतात, हेही ध्यानात घ्यावे.

पर्यटनाच्या नावाने येणारा पैसा मात्र वाहनतळ आणि स्वागतकमानी यांकडेच आधी वळतो. यापुढे त्यातील पहिला हप्ता सड्यांच्या मोजणीवर आणि प्रत्येक कातळशिल्पाची नोंद गावदप्तरी करण्यावर खर्च व्हावा. आणि ती नोंद होईपर्यंत त्या सड्यांवर नव्या चिरेखाणीस परवाना देऊ नये.