खोलीचं तापमान

पावाच्या कृती लिहिणाऱ्या समस्त मंडळींवर माझा एक आरोप आहे. त्यांच्यापैकी एकानंही मे महिन्यातलं चंद्रपूर पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर 'मळलेलं पीठ दोन तास खोलीच्या तापमानाला झाकून ठेवा' हे वाक्य लिहिताना त्याचा हात थरथरला असता. खोली कुणाची? आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर बंद पडला की आमच्या खोलीत पीठ फुगण्याआधी माणूस भाजून निघतो.

२०२० च्या टाळेबंदीत जो तो घरी पाव करत होता, म्हणून मीही केला. दुकानात यीस्ट मिळेना. पुस्तकात तोड होती: बरणीत मैदा-पाणी कालवा, रोज थोडा मैदा घाला, पिठातलं यीस्ट आपोआप जागं होईल. झालं! चौथ्या दिवशी असा काही दर्प सुटला की शेजारचे काका कुंपणापाशी येऊन दोनदा खाकरले. जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती. २०१५ मध्ये लागली, ती २०२१ पर्यंत टिकली. यीस्ट साखर खाऊन वायूबरोबर थोडं अल्कोहोलही तयार करतं, हे मी त्यांना शास्त्रीय भाषेत समजावलं. "पेला आणू का?" एवढंच ते म्हणाले.

पण यीस्टही शेवटी आपल्यासारखंच. पस्तिशीपर्यंत उत्साह, पारा चाळिशीपलीकडे गेला की हातपाय गाळतं. मग आंबटपणा करणारे जिवाणू घर ताब्यात घेतात. माझं पीठ ग्रॅमच्या काट्यावर तोलून, घड्याळ लावून, तंतोतंत बिघडलं. त्यातच वीज गेली. (ज्या गावातून राज्याला वीज जाते, त्या गावातून ती जायचीच.)

लग्नाला म्हणून मार्चमध्ये आलेली आरमोरीकडची मावशी आमच्याकडेच अडकली होती. चार दिवस मुकाट पाहत होती. "कायले पीठ मोजून रायला रे? विकाचं हाये का?" म्हणाली आणि उठली. जाडसर कणकेला तेल चोळलं, मूठ वळून पाहिली, मग पाणी. परसात गोवऱ्या पेटवल्या, धूर आणि जाळ सरू दिला आणि पळसाच्या पानांत थापलेले पानगे निखाऱ्यात दडपले. मध्येच एक काढून बोटानं वाजवला, कान दिला. "कच्चा हाये."

इथं मला खरा राग आला. माझ्या पुस्तकातही, चौदा पायऱ्यांनंतर, शेवटी हेच होतं: पाव उलटा करून वाजवा, पोकळ आवाज आला की झाला. म्हणजे अखेर कानच! मग पुस्तकातलं ते तंत्र आणि मावशीचं मात्र अंदाजपंचे? काट्याला नुसतं वजन कळतं. तिच्या तळहाताला आजची हवा कळते, या गव्हाला किती पाणी लागेल ते कळतं. आपण सुशिक्षित लोक 'हाताला चव आहे हो' म्हणून वाटी पुढे करतो आणि मोकळे होतो. ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ते लुगडं नेसतं आणि इंग्रजी बोलत नाही. म्हणून कुणी विचारूनही घेत नाही. माझ्या आईचे रोडगे असेच तिच्याबरोबर गेले.

मी वही घेऊन बसलो.

"मावशी, मीठ किती?"

"लागते तेवढं."

"आणि पाणी?"

"पीठ मागते तेवढं."

पान भरलं, आकडा एकही नव्हता. मावशीनं परात माझ्याकडे सरकवली. मी वही मिटली, हात धुतले आणि पिठात घातले. "अजून जरा घाल पानी," ती म्हणाली.