हिरडा, मॉव्ह आणि शिराळा पेटा

शिराळा हा वाळवे तालुक्याचा पेटा होता आणि सातारा जिल्हा अद्याप अखंड होता, त्या अमदानीत सुती लुगड्याला जांभळा रंग देणे ही रंगाऱ्याच्या कसबाची परीक्षाच असे. कारण आल या झाडाच्या मुळीचा तांबडा आणि निळीचा निळा एकावर एक चढवल्यावाचून ती छटा साधणे दुरापास्त होते, आणि निळीवर तर निराळी नावाच्या एका संपूर्ण जातीचा चरितार्थ चालत असे. आज ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारून साड्या विकणारे रासायनिक रंगाला जणू परकीय आक्रमक ठरवतात, हे मला इतिहासाला धरून वाटत नाही.

१८५६ साली, ईस्टरच्या सुटीत, अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमधील राहत्या घरी हिवतापावरील क्विनीन कृत्रिमरीत्या सिद्ध करण्याच्या खटपटीत, दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया घडवली, तेव्हा हाती आलेल्या काळ्या साक्यातून अल्कोहोलने जांभळा रंग उतरला. हाच मॉव्ह. त्या ॲनिलीनमध्ये टोल्युइडीनची भेसळ नसती तर तो झालाच नसता. त्याची रेणुरचना अचूक ठरण्यास मात्र १९९४ साल उजाडावे लागले. रेशीम आणि लोकर यांनी हा रंग तत्काळ स्वीकारला; सुताने मात्र दाद दिली नाही, कारण मॉव्ह आम्लारिधर्मी आणि सुताला त्याची ओढ नाही. तेव्हा कापड आधी टॅनिक आम्लात भिजवून, वर धातूच्या क्षाराचा हात देऊन, रंगाचे अविद्राव्य संयुग धाग्यातच घडवण्याची युक्ती काढावी लागली. हे टॅनिन वनस्पतींचेच देणे आहे. माजूफळात ते असते, तसे आमच्या सह्याद्रीतल्या हिरड्यातही विपुल असते, आणि तुरटीआधी हिरड्याचा काढा पाजण्याची रीत आमच्या रंगाऱ्यांना पर्किनच्या कितीतरी पिढ्या आधीपासून अवगत होती.

निसर्ग आणि रसायन यांच्यातली भिंत दुसऱ्या बाजूनेही ढासळते. रोमन सम्राटांचा शंखजन्य जांभळा म्हणजे निळीच्याच रेणूत ब्रोमीनचे दोन अणू अधिक; आणि १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलेंडरला तो अवघा १.४ ग्रॅम मिळवण्यासाठी १२,००० शंखजीव खर्ची घालावे लागले. असला ‘नैसर्गिक’ जांभळा सामान्य स्त्रीच्या अंगावर कधी येणार होता?

इचलकरंजीच्या कापड-रंगाईच्या सांडपाण्याने पंचगंगेची जी दशा होते तिचे समर्थन मी करणार नाही. पण तो अपराध नदीत सोडणाऱ्याचा, आणि त्याचा जाब विचारणे हे सरकारदरबारचे काम. रेणूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून ते काम टळत नाही. शिराळ्याच्या शाळांनी मात्र एक करावे: सुती कापडाच्या दोन चिंध्या घ्याव्यात, एक हिरड्याच्या काढ्यात रात्रभर भिजवावी, दुसरी कोरी ठेवावी, दोन्ही जेन्शन व्हायोलेट या मॉव्हसारख्याच आम्लारिधर्मी रंगाच्या पाण्यात बुडवून साबणाने धुवाव्यात, आणि कोणत्या चिंधीचा रंग अधिक टिकला ते मुलांनाच लिहून काढू द्यावे.