त्याची पट्टी कुठे आहे?

फौजेत प्रत्येक जवानाजवळ फर्स्ट फील्ड ड्रेसिंग असते. निर्जंतुक पट्टीचं छोटं पाकीट, दुसरं काही नाही. खडकवासल्याच्या अकादमीतून बाहेर पडून वीसहून अधिक वर्षं झाली, पण ऑपरेशनला निघताना ते पाकीट चाचपून पाहिलं नाही असं कधी झालं नाही. तरीही हिमाचलमध्ये योलला पोस्टिंगवर असताना एका रविवारी आम्ही त्रिउंड चढायला निघालो, तेव्हा शेराची पट्टी घ्यायचं मला सुचलंही नाही.

शेरा आमचा लॅब्रॉडोर. उतरताना दगडांवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कळलं. पुढच्या उजव्या पंजाच्या गादीत फुटक्या बाटलीची काच शिरली होती. मी पंजा धरायला गेलो आणि ज्याला मी पिल्लू असल्यापासून हातानं भरवलं, तो माझ्यावर दात काढून आला. त्यात त्याचा दोष नव्हता. कळवळणारा कुत्रा मालकालाही चावतो, हे मला माहीत असायला हवं होतं. शेवटी मुलीच्या ओढणीनं पंजा बांधला आणि तीस किलोंचं ते धूड आळीपाळीनं खांद्यावर घेऊन खाली आणलं.

संध्याकाळी डॉग युनिटच्या हँडलरनं जखम पाहिली आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहब, इसकी पट्टी नहीं रखी थी?" इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या वरिष्ठाचं बोलणंही मला एवढं लागलं नसेल.

आपण कुत्र्याला 'घरचा मेंबर' म्हणतो. मग सहलीला निघताना मुलांसाठी क्रोसिनपासून ग्लुकोजपर्यंत सगळं घेतो आणि त्याच्यासाठी फक्त बिस्किटं, असं का? माझं स्पष्ट मत आहे, ज्याची तयारी केली नाही त्याला डोंगरावर नेऊ नये. हौस आपली असते, पाय त्याचे भाजतात.

आणि तयारी तरी केवढी? गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, सलाईनची बाटली, चिमटा, एक जुना मोजा, उचलून आणायला मजबूत चादर. कापूस जखमेवर थेट ठेवू नये, चिकटतो. काच खोल असेल तर उपटू नये, भोवती पट्टी बांधून डॉक्टर गाठावा. बँडेजच्याच पट्टीनं तोंड सैल बांधता येतं. पण तो धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर अजिबात बांधू नये. आपल्या खिशातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला कधीही देऊ नये, ती त्याला विषासारखी ठरू शकते. आणि तो चावलाच, तर आपली जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

सुट्टीवर गावी येतो तेव्हा सिंहगडावर मे महिन्याच्या भर दुपारी जीभ लोंबवत चाललेले कुत्रे पाहतो. मालकाच्या पायात बूट, कुत्र्याच्या पायाखाली तापलेला कातळ. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. हाताचा पंजा उलटा करून दगडावर पाच सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही. अशा वेळी माघार घेण्यात कसलीही नामुष्की नाही.

जवान निदान 'साहेब, पाय दुखतो' म्हणू शकतो. कुत्रा मात्र तुम्ही चालाल तिथवर चालत राहतो. म्हणून थांबायचं कधी, हे त्याच्या वतीनं आपणच ठरवायचं असतं.

शेराचा पंजा बरा झाला. आता माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात त्याचं पाकीट असतं, आणि निघताना मी तेही चाचपून पाहतो.