सुरक्षेच्या नावाखाली

अमेरिकेतील मायामी बंदरातून कॅरिबियन समुद्राकडे निघणाऱ्या सहलींच्या जहाजांवर चढताना प्रवाशांच्या सामानाची जी तपासणी होते, तीत शस्त्रे व स्फोटक पदार्थ यांच्याबरोबर आणखी एका वस्तूचा कसोशीने शोध घेतला जातो. ती वस्तू म्हणजे मद्याची बाटली. 'कार्निव्हल' आणि 'रॉयल कॅरिबियन' या दोन मोठ्या कंपन्यांचा नियम या बाबतीत जवळजवळ सारखा आहे. कायद्याने सज्ञान ठरलेल्या प्रवाशाने जहाजावर चढण्याच्या दिवशी वाइनची अथवा शॅम्पेनची ७५० मिलिलिटरची एक सीलबंद बाटली आणावी. व्हिस्की, रम, बिअर आणू नये. आणल्यास ती जप्त होईल. या नियमाच्या समर्थनार्थ बहुधा सुरक्षेचा शब्द पुढे केला जातो. तो कितपत खरा, हे तपासून पाहावयास हवे. कारण हा प्रश्न काही सुखवस्तू प्रवाशांच्या पेल्यापुरता नाही. नियम करणाराने त्या नियमाचे खरे कारण सांगावे की नाही, हा मूळ प्रश्न आहे.

कंपन्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हजारो माणसे भर समुद्रात एका छपराखाली असताना मद्यपी प्रवासी हा स्वतःला आणि इतरांना धोका असतो. बारमधला सेवक तोल गेलेल्या गिऱ्हाइकास पुढचा पेला नाकारू शकतो; बंद खोलीत चाललेल्या पिण्यावर मात्र कोणाची नजर नसते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर मद्यपानासाठी सामान्यतः २१ वर्षांची मर्यादा असते. ती पाळली जाते की नाही, हे पाहणेही खोलीच्या दाराआड अशक्य होते. हा युक्तिवाद पोकळ नाही.

परंतु तो पुरताही नाही. याच 'कार्निव्हल'च्या जहाजांवर ठरावीक रक्कम भरून दिवसभराच्या पेयांचा एकत्रित परवाना विकत घेता येतो आणि त्याची मर्यादा चोवीस तासांत मद्याचे पंधरा पेले एवढी आहे! इतकेच नव्हे, तर खोलीतील एकाने तो घेतला तर त्याच खोलीतील इतर प्रौढांनीही तो घ्यावा, असा दंडक आहे. जहाजावरील दुकानात विकत घेतलेली सीलबंद बाटलीदेखील सफरीच्या अखेरीपर्यंत प्रवाशाच्या हाती पडत नाही. पंधरा पेले सुरक्षित आणि स्वस्त बाटलीतले दोन पेले असुरक्षित, हे गणित आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. ते जमाखर्चाच्या वहीत सापडते. 'कार्निव्हल' समूहाच्या २०१९ सालच्या सुमारे २,०८० कोटी डॉलरांच्या उत्पन्नापैकी जवळजवळ तीस टक्के उत्पन्न तिकिटांखेरीज इतर मार्गांनी, मुख्यतः जहाजावरील विक्रीतून, आले होते. दाखवायचे दात कोणते आणि खायचे कोणते, हे यावरून उमगते.

येथे व्यापार करणे हा गुन्हा नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. पेले महाग असतात म्हणूनच तिकीट स्वस्त ठेवणे परवडते, आणि न पिणाऱ्या प्रवाशाच्या भाड्याचा काही भार पिणारा उचलतो. मालकाने आपल्या जागेत बाहेरचे पदार्थ आणू देऊ नयेत, हे कायद्यालाही अमान्य नाही. महाराष्ट्रात २०१८ साली मल्टिप्लेक्समधील खाद्यपदार्थांवरून जो वाद पेटला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. अशाच एका प्रकरणात, जम्मू-काश्मीरमधील चित्रपटगृहांसंबंधी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्णय दिला. चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता असून बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा मालकास अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेल्या अन्नास आडकाठी होता कामा नये, हेही त्याबरोबर नमूद केले. अधिकार आणि त्याची मर्यादा, दोन्ही गोष्टी तेथे उघडपणे मांडल्या गेल्या. जहाजांच्या नियमांत नेमका हाच उघडेपणा नाही.

आणि त्याचे परिणाम दिसतातच. नियमामागचे कारण पटले नाही की माणूस तो मोडण्यात चातुर्य मानू लागतो. चुळा भरण्याच्या औषधाच्या बाटलीत रंगवलेले मद्य भरून नेण्याच्या युक्त्या प्रवासी एकमेकांस शिकवू लागले. अशा चोरट्या मद्याचे कारण देऊन 'कार्निव्हल'ने २०१५ साली बाटलीबंद पाणी व शीतपेये बरोबर आणण्यासही मनाई केली. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

याहून मोठी हानी सुरक्षा या शब्दाचीच होते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्दिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे मृत्यू पावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटकाळी कोठे जमावयाचे याची तालीम तोवर मिळालेली नव्हती. त्यानंतर ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. सुरक्षा म्हणतात ती याला. ज्या तोंडाने ही तालीम सांगावयाची, त्याच तोंडाने बारचा गल्ला राखावयाचा असेल, तर प्रवासी दोन्ही सूचना सारख्याच थट्टेवारी नेतील. आणि आणीबाणीच्या घटकेस ती थट्टा प्राणांवर बेतेल.

तेव्हा कंपन्यांनी बाटली जरूर अडवावी. पण तिकीट विकतानाच, ठळक अक्षरांत, "आमचा नफा पेयांवर चालतो, म्हणून आपली बाटली आणू नये" असे सांगावे. अडवलेली बाटली जप्त न करता परतीच्या दिवशी मालकास द्यावी. गिऱ्हाइकास सौदा समजला की तो करणे न करणे त्याच्या हाती राहते. सुरक्षेचा शब्द मात्र त्यांनी जीवनरक्षक नौकांसाठीच राखून ठेवावा.