धंदा बंद केलेल्याला मुलाखतीत काय विचाराल?

रबाळे एमआयडीसीतला आपला छोटा कारखाना बंद करून एखादा मालक ऐरोलीतल्या कंपनीत मुलाखतीला जातो, तेव्हा एचआरचा प्रश्न ठरलेला: ‘साहेबाच्या हाताखाली जमेल का?’ अहो, ग्राहकापासून बँकेपर्यंत सगळे त्याचे साहेबच होते! त्यापेक्षा विचारा, कामगारांचे शेवटचे पगार कसे भागवले, येणी कशी वसूल केली. कायद्याने लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. प्रत्यक्षात ते किती रखडते, हे त्याला पाठ असते. अनुभवपत्र आणि पगाराची स्लिप मात्र तो आणणार कुठून? उद्यम नोंदणी, जीएसटी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे पुरावा म्हणून चालवून घ्यावीत. उमेदवारानेही ‘धंदा का बंद केला?’ याचे उत्तर आकड्यांत द्यावे. ते लपवले तर शंका वाढते.